एकाहत्तर

ब्रनो, क्रालोवो पोले, चौथा मजला,
रात्रीचे साडेदहा.
हेदविकाचा प्रोग्राम म्हणतो: आठ.

यंत्रात गाभे बहात्तर.
खोक्यावर छापलंय, पावतीत लिहिलंय,
पंख्यांची घरघर ऐकूनही कळतं की आठ नाहीत.

फाइलीत एकच ओळ. ती मोठ्यांदा वाचते,
खोलीत कुणी नाही म्हणून:
शून्य शून्य एफ एफ, स्वल्पविराम,
एफ एफ एफ एफ एफ एफ एफ एफ, स्वल्पविराम,
एफ एफ एफ एफ सात एफ एफ एफ.
गरम सूपावर फुंकर घालावी
तसे ओठ होतात.

लायब्ररीतलं ते फंक्शन तसं नाकासमोर चालणारं.
मजकूर घ्यायचा, आकडा द्यायचा, संपलं.
पहिला स्वल्पविराम आला
तर त्यालाच पूर्णविराम समजून
तिथेच बसलं.
बरं, लपवलंही नाही त्याने काही.
"मी कुठवर आलो ते कुठे लिहू?"
म्हणून एक पॉइंटर मागितला होता.
हिने तिथे नल दिला होता.

व्लास्तिमिलची जुनी युक्ती तिला आठवते:
आकड्यातून एक वजा करायचा,
उरलेल्याशी मूळ आकडा जुळवायचा,
दर फेरीला सगळ्यात उजवीकडचा दिवा विझतो.
शून्य होईपर्यंत फेऱ्या मोज, म्हणायचा,
जितक्या फेऱ्या तितके दिवे.
चोख युक्ती. फक्त
मोजून होईतो घरात काळोख.

आज तिला आकडा करायचाच नाहीये.
अक्षर अक्षरच राहू दे.
सोळा घरांचं एक टेबल लिहिते,
लिहिता लिहिता पाढ्याची चाल लागते:

शून्य, एक, एक, दोन,
एक, दोन, दोन, तीन,
एक, दोन, दोन, तीन,
दोन, तीन, तीन, चार.

स्वल्पविराम आला की ओलांडायचा,
उंबरठा ओलांडतो तसा, न मोजता.
ओळीच्या शेवटी ती नवी ओळ असते, दिसत नाही,
तिलाही.

कंपाइल. एक इशारा, तिने न वाचलेला.
मग वाचलेला: साइन असलेला च्यार. दुरुस्त.
पुन्हा.
एकाहत्तर.

एकाहत्तर?
एक कुठे सांडला?
टेबल तपासते, चहा गार होतो,
लूपची सुरुवात तपासते, लूपचा शेवट,
एकाने चुकणं ही तर या धंद्याची खानदानी चूक.
नाही.
मग पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने,
आठ अधिक बत्तीस अधिक
चार चोक सोळा, सातचे तीन, तीन चोक बारा.
एकाहत्तर.

समोरच्या पॅनेल इमारतीत
मजल्याला चार खिडक्या.
सहाव्यावर डावीकडची अंधारी, बाकी तिन्ही लख्ख.
ती बघत राहते.
सात.

म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे
आणि खरंच कुणीतरी नाहीये.
उजवीकडून, शून्यापासून मोजत जाते
(शून्यापासून, हेदविका, शून्यापासून):
पंधरा नंबरचा.

ती खाली तळघरात जाते. कपाटाच्या दारावर
पिवळा चिकटकागद, एक कोपरा सुटलेला,
व्लास्तिमिलचं तिरकं अक्षर, तारीख शुक्रवारची,
त्याच्या शेवटच्या शुक्रवारची, केक आणला होता त्या दिवशीची:

"पंधरावा चुका करतोय. निजवलाय.
उगाच उठवू नका."

एवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.
विचारलंही नव्हतं म्हणा.
कोपरा ती अंगठ्याने दाबून बसवते. पुन्हा सुटतो.

वर येऊन टेस्टमधला अपेक्षित आकडा बदलते,
बहात्तरचा एकाहत्तर,
मग तोही खोडते;
आज निजलेला उद्या उठेल, कुणी सांगावं.
बदलाच्या नोंदीत एक ओळ लिहिते:
"स्वल्पविरामानंतरही मोजतो."

शेवटची ट्राम, इथले तिला शालिना म्हणतात, सुटायला सात मिनिटं.
कोट घालताना खिडकीकडे नजर जाते.
सहाव्या मजल्यावर आता दोनच.
कुठल्या दोन, ते बघायला
ती थांबत नाही.